पोपटी तुकडा कुणाचा?

सासूबाईंनी गोधडीसाठी तुकडे जोडून चांगले चाळीस चौकोन केलेले. मग खाली बसायला गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि चौकोन कपाटात पडून राहिले. ते मी बाहेर काढले आणि ठाण्यात बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसता धुमाकूळ घातला. उशांचे अभ्रे, मिक्सरचं कव्हर, भाजीची पिशवी, सगळ्यावर चौकोन! सोफ्यावर जास्त वेळ बसलो तर आपल्यावरही एक शिवला जाईल, या भीतीने नवरा उभ्याने चहा पिऊ लागला.

सासूबाईंचा नियम एकच: गोधडीत कापड घरच्याच माणसांचं. परक्याचं पांघरलं तर झोप लागत नाही म्हणे. त्यामुळे कुठला तुकडा कुणाचा, हे त्यांना तोंडपाठ. एका चौकोनाच्या मधोमध मात्र पोपटी कापड होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं.

"आई, हा कुणाचा?"

"असेल कुणाचातरी."

नियम करणारी बाई असं म्हणते? मला जेवण गोड लागेना. मी लग्नाचे अल्बम उपसले, गावच्या चुलतसासऱ्यांना फोन लावला. घोडबंदर रोडला रिक्षा अडकली की तिथे माणूस म्हातारा होतो. मी तेवढा वेळ पोपटी रंगाचाच विचार करायचे. शेवटी तो चौकोन जीन्सच्या जॅकेटच्या पाठीवर शिवला आणि सोसायटीच्या हळदीकुंकवाला घालून गेले.

तिथे मागून पाठीत बोट टोचलं. सासूबाईंची जुन्या चाळीपासूनची मैत्रीण. आता आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या काकू.

"हा माझा झंपर! दोरीवरून गेलेला! त्याच्यापायी मी कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईशी जन्माचं वैर घेतलं!"

पलीकडे कुंकू लावत असलेल्या सासूबाईंचं बोट हवेतच थांबलं. रोज संध्याकाळी दोघी हातात हात घालून फिरायला जातात. मला वाटलं, संपलं आज ते.

"वाऱ्याने आमच्या दारात आलेला," सासूबाई पुटपुटल्या. "द्यायला निघाले, तर तू आधीच तिला चोर म्हणून मोकळी झालेलीस. मग कुठल्या तोंडाने देऊ?"

"म्हणून कापलास?"

"काखेत फाटलेलाच होता गं."

"फाटलेला नव्हता, उसवलेला!"

काकूंनी माझ्यापुढे हात केला. "काढ गं ते जॅकेट."

मी काढून दिलं. काकू अंगाने माझ्या दुप्पट. बटणं एका देशात, काजी दुसऱ्या देशात राहिली. तरी चढवलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आता तिला शोधायचं. माफी मी मागेन, पण झंपर कुठे होता ते तू सांगायचं."

ती बाई डोंबिवलीला असते, असा पत्ता लागलाय. रविवारी जायचंय. सासूबाई आत्तापासूनच गुडघे दुखल्याचं सांगतायत. काकूंनी रिक्षा ठरवून ठेवलीय.