देशीच्या दुकानावरून पुढे

बैठकीत बोललेलं बैठकीतच राहायचं, हा आमचा पहिला नियम. दारू सोडू पाहणाऱ्यांची आमची ही बैठक दर शुक्रवारी संध्याकाळी महाडात भरते आणि मीही तिथलाच एक मेंबर. आत कोण काय बोललं ते मी मेलो तरी सांगणार नाही. पण दाराबाहेर जे घडतं त्याला कसला आलाय नियम? आणि किस्से साठतात ते दाराबाहेरच. त्यातले निम्मे एकट्या गणूचे. त्याला विचारूनच सांगतोय. "सांग की," तो म्हणाला, "पीत होतो तवा लोक न विचारताच सांगत होते."

*

गणू पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, आंबेनळी घाटाच्या बाजूला एका वाडीवर राहणारा. म्हशी आहेत, थोडी नाचणी-वरी करतो. त्याचं पिणं इतकं वाढलं की बायको, सुनंदा, लेकीला घेऊन दासगावला माहेरी निघून गेली. भांडण नाही, रडारड नाही. "सोडलीस तर येईन, नायतर नाय," एवढं बोलून एसटीत बसली.

मग कुठल्याशा दवाखान्यातल्या कंपाउंडरने गणूला आप्पांचा नंबर दिला. आप्पा आमच्यातले सगळ्यात जुने, कित्येक वर्षांत थेंब न घेतलेले. आमच्या खोलीला पाटी नाही, कारण पाटी लावली तर आत कोण शिरेल? त्यामुळे आप्पा फोनवर रस्ता सांगायचे तो असा: बाजारात या, देशीच्या दुकानावरून सरळ पुढे, मग डावीकडे जिना. त्यांचं म्हणणं, फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती खूण नक्की माहीत असते.

त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी गणूने आप्पांना फोन लावला. जीभ जड झालेली होती.

"आप्पा, खूण सापडली. पुढचं काय दिसत नाय."

तेव्हापासून आप्पा पाण्याच्या टाकीवरून रस्ता सांगतात.

*

पुढच्या वेळी गणू अगदी शुद्धीत आला, जिनाही बरोबर चढला. फक्त वार चुकला. गुरुवारी त्याच खोलीत बचत गटाच्या बायका जमतात. गणू दाराशी सतरंजीवर बसला. कुणाचा तरी नवरा न्यायला आला असेल, असं समजून बायकांनी त्याला चहासुद्धा दिला. हप्त्यांचं बोलून झाल्यावर एकीने घरचं गाऱ्हाणं काढलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. कोण पिऊन येतो, कोण भांडी फोडतो, कोणाची पोरं शेजारी जाऊन झोपतात. गणू मान खाली घालून शेवटपर्यंत बसला.

बाहेर पडल्यावर त्याने आप्पांना कळवलं की बैठक झकास झाली.

"मंडळी सगळी दारूवरच बोलत होती. पिणारा मी येकटाच."

आम्ही हसलो खरे, पण माझ्या मते गणूची दारू सुटायला सुरुवात झाली ती त्या गुरुवारीच. आमच्याकडे येऊन त्याला नवीन काही ऐकायचं उरलं नव्हतं.

*

पिऊन गटारात पडायचा तेव्हा गणू कुठून आला, असं वाडीत कुणी विचारलं नव्हतं. आता दर शुक्रवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून महाडला जायला लागला, तर सगळी वाडी चौकशी करायला लागली. गणू काही बोलेना. सांगितलं आणि परत घसरलो तर तोंड कुठे दाखवू, ही त्याची भीती. मग वाडीनेच ठरवलं की महाडात बाई ठेवली आहे.

बातमी दासगावला पोचायला वेळ लागला नाही. एका शुक्रवारी दार धाडकन उघडलं आणि गणूच्या मागावर आलेली सुनंदा आत. समोर आम्ही गोल बसलेलो, हातात चहाचे कप, एकजात ओढलेल्या चेहऱ्याचे बाप्ये. तिने प्रत्येकाकडे नीट पाहिलं, मग कपाटामागेही डोकावली. आप्पांनी उठून तिला आपली खुर्ची दिली.

त्या संध्याकाळी पोलादपूरच्या गाडीत ती गणूच्या शेजारी बसली. लेक दुसऱ्या दिवशी आली, आणि शुक्रवारचं खरं काय ते हळूहळू वाडीलाही कळलं.

*

आता शेवटचं. वाडीच्या वेशीवर राखणदाराचा दगड आहे. पावसाआधी त्याला राखण द्यायची, म्हणजे नारळ, कोंबडा आणि बाटली. घरागणिक पाळी असते. ज्याची पाळी त्याने देवाला धार घालायची, पहिला घोट स्वतः घ्यायचा, मग बाटली सगळ्यांत फिरते. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून तर या कामात कुणी इकडचं तिकडे होऊ देत नाही. यंदा पाळी गणूची.

आप्पांनी सुचवलं, आजारी पड. गणूला ते पटेना. पाळी चुकवली आणि पावसात काही झालं तर सगळे त्याचंच नाव घेणार. सुनंदाने मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, एक घोट घेतलास तरी मी दासगावला.

सोबत म्हणून मी वर गेलो. खरं सांगतो, तो घोट घेईल याची मला फार भीती वाटत होती.

दादूबाबा वाडीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि गणूला खूण केली. गणूने बूच काढलं. धार सुरू झाली ती थांबेचना. बाटली तिरपी झाली, मग उलटी झाली. शेवटचा थेंब दगडावर पडला तेव्हा गणूने रिकामी बाटली खाली ठेवली आणि हात जोडून उभा राहिला.

"आन आमचं?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

सुनंदा बायकांच्या घोळक्यात पदर घट्ट धरून उभी होती. दादूबाबांनी त्या ओल्या दगडाकडे पाहिलं. मग गणूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"गण्या, देव येवढी प्यायला. आता शुक्रवारी त्यालाबी घेऊन जा."