तेरेखोलच्या वाटेवरचे दोन दिवस

कालिंदीबाई देशिंगकर यांनी शाहूपुरीतील एका शाळेत बावीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्या बावीस वर्षांत एकदाही समुद्र पाहिला नाही. १९७२ साली मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली, तेव्हा संस्थेच्या चालकांनी ती त्यांच्याहून आठ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या गृहस्थांना दिली आणि कारण लेखी कळवण्याचे सौजन्यही दाखवले: बाईंना बाहेरच्या जगाचा अनुभव नाही. ज्या संस्थेने बाईंना कोणत्याही सहलीबरोबर पन्हाळ्यापलीकडे पाठवले नाही, तिनेच हे लिहावे!

बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत जाहीर केले, "दिवाळीच्या सुट्टीत मी विजयदुर्गहून होडीने निघणार. किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्यांतून, थेट तेरेखोलपर्यंत. राज्याची हद्द संपते तिथवर. राहणं, जेवणं, झोपणं, सगळं होडीवर."

"तिसऱ्या दिवशी एसटीनं परत येताय बघा," नवे मुख्याध्यापक म्हणाले. सगळे हसले. हसणाऱ्यांत ज्यांना बाईंनी नोकरीला लावले होते तेही होते.

शाळेच्या शिपाई तानाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मी येतो की बाई तुमच्यासंगं. न्हायतर माझ्या जल्मात समिंदर कुठला दिसायला?"

लाडोबा तांडेल नावाच्या वृद्ध खलाशाचा शिडाचा लहान मचवा ठरला. तिसरा दिवस उलटला, पाचवाही उलटला. सहाव्या दिवशी दुपारी, ऐन भरतीला, ते कर्लीच्या खाडीत एका दगडी धक्क्याला लागले. लाडोबाने मचवा बांधला आणि मासळी आणायला तो गावात गेला.

बाईंनी दोरी पाहिली. हातभर नव्हे, चांगली दोन पुरुष लांब ढिली लोंबत होती.

"काय हा गलथानपणा!"

"व्हय की," तानाबाई म्हणाल्या. "आमच्या चिखलीला अशी नाव बांधली असती, तर सकाळी वाहत जाऊन शिरोळात घावली असती."

जन्म पंचगंगेच्या काठी गेलेल्या त्या दोघींनी दोरी ओढून घेतली आणि पुराच्या दिवसांत मारतात तशा दोन गाठी करकचून मारल्या. मग गावातल्या देवळाकडे फिरून आल्या.

परतल्या तेव्हा खाडीचे पाणी खूप खाली उतरले होते आणि मचवा धक्क्याला एका अंगावर लटकत होता. पिण्याच्या पाण्याचे पीप कलंडून रिकामे झाले होते. एका फळीला चीर गेली होती. धक्क्यावर लाडोबा कपाळाला हात लावून बसला होता.

"दोरी कोणी ओढली?"

"मी," बाई म्हणाल्या. भरती-ओहोटीवरचा धडा त्यांनी बावीस वेळा शिकवला होता. हात मात्र नदीवरचेच राहिले होते.

"बाईनू, सुकतीक पाणी खाली जाता. तेच्यासाठी दोरी ढिली ठेवूक होयी. उद्या मालवणासून एसटी धरा नि घराक जावा."

एसटी! बाईंच्या डोळ्यांसमोर शिक्षकांची खोली उभी राहिली.

"लाडोबा, दोरीबाबत यापुढे तुमचा शब्द शेवटचा. चूक माझी, फळीची मजुरीही माझी. पण परत जायचं नाही."

"नि पाणी? ह्या चिखलातसून घागरी कोण आणतलो?"

बाईंनी नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि घागर उचलली. गावातून धक्क्यापर्यंतची पायवाट चिखलात बुडाली होती. पहिल्या खेपेला त्या गुडघ्यापर्यंत रुतल्या; दुसऱ्या खेपेला पडल्या आणि घागर फुटली.

"बाई, राहू द्या, मी आणतो," तानाबाई ओरडल्या.

"तू तुझी आण. मी माझी आणते."

गावातून दुसरी घागर मागून घेतली; पीप भरेपर्यंत नऊ खेपा झाल्या. मग लाडोबाने गावातला सुतार बोलावला. फळी बदलून, फटी बुजवून होईस्तोवर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भरतीला त्याने शीड दक्षिणेकडे वळवले.

शाळा उघडल्यावर बाई दोन दिवस उशिरा हजर झाल्या. रजेचा अर्ज हातात घेऊन मुख्याध्यापक आपुलकीने म्हणाले, "कारणाच्या ठिकाणी प्रकृती बरी नव्हती असं लिहा. चालून जाईल."

"माझी प्रकृती उत्तम होती," बाई म्हणाल्या. त्यांनी अर्ज परत घेतला आणि कारणापुढे ठळक अक्षरांत लिहिले: 'खाडीत होडी चुकीची बांधली. दुरुस्तीस दोन दिवस लागले. नंतर तेरेखोलला पोहोचले.' खाली पूर्ण नावाने सही केली.

"हे संस्थेकडे जाईल, बाई."

"जावं म्हणूनच लिहिलंय."