उद्या की परवा

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — चाळीत नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतोय. मध्येच अडलो तर अडू द्या.

माझा सुहास सॅन फ्रान्सिस्कोला असतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा शुक्रवारी रात्री निघाला आणि रविवारी पहाटे लालबागला पोचला. मग किती झाले? दोन दिवस. मी चाळभर तेच सांगितलं. शेजारचा दिनू म्हणायचा, "अप्पा, सोळा तास लागतात. तिथलं घड्याळ मागे असतं." मी म्हणायचो, "तुझा मुलगा गेलाय की माझा?" पुढे सुहासनेच मला एकट्याला समजावलं — दिनूचं बरोबर होतं. कळलं मला. चौथीपर्यंत शिकलो म्हणून काय कळत नाही? पण चाळीत मी दोन दिवसांचे सोळा तास होऊ दिले नाहीत. बोललेला शब्द मागे घेणं मला कधी जमलंय?

आणि मग एका बुधवारी पहाटे ही गेली. झोपेतच. मी सुहासला फोन केला. तो रडत होता, पण बोलला स्पष्ट — "आजच्याच विमानात बसतो, अप्पा. उद्या सकाळी पोचतो. तोवर आईला ठेवा."

ठेवतो, म्हटलं मी.

खोली माणसांनी भरली. दिनूनेच विचारलं, "सुहास निघाला ना? म्हणजे उद्या सकाळी येईल. बर्फ आणू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आण" म्हणायचं होतं, बस. पण ते म्हटलं की दिनू खरा — आणि मी? बायको समोर जमिनीवर ठेवलेली, आणि माझ्या डोक्यात हे. हे... हेच होतं, दुसरं काही नव्हतं.

"परवा येईल," मी म्हणालो. "दोन दिवस लागतात. इतकं नाही ठेवायचं तिला."

दिनू बाहेर गॅलरीत गेला, सुहासला फोन लावून बघितला. बंद होता. विमानात बसला होता तो. दुपारी भोईवाड्याच्या स्मशानात अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास बॅग घेऊन दारात उभा राहिला. जमिनीवर नुसती पणती होती.

"अप्पा, आई?"

त्याच्यामागे गॅलरीत माणसं जमली होती. दिनूही होता. मी म्हणालो, "फोनवर तूच परवा म्हणालास."

तो आठवत राहिला. मग तिथेच उंबऱ्यावर बसला.

"म्हणालो असेन," तो म्हणाला. "तिकडे मंगळवारच होता ना. तिकडच्या हिशेबाने परवा निघालं असेल तोंडातून. चूक माझीच, अप्पा."

मी "हो" म्हणालो.