घंटी वाजली की मामा उठतो

पेट्रोल पंपाच्या तोंडाशी जमिनीवर एक काळी रबरी नळी पडलेली असते. गाडीचं पुढचं चाक तिच्यावरून गेलं की आत घंटी वाजते, मागचं गेलं की पुन्हा वाजते. आणि घंटी वाजली की माझा मामा उठतो. गोष्ट एवढीशीच, पण तिने मला वर्षभर रडकुंडीला आणलं.

व्हर्जिल हास्केट, माझ्या आईचा धाकटा भाऊ. मोहावेच्या वाळवंटात, जुन्या हायवेवरच्या या पंपावर त्याने उभी हयात घालवली. तेव्हा पुढचा पंप इतका लांब होता की इथे कुणी उठलं नाही तर माणूस मधेच कुठेतरी उन्हात तडफडायचा. म्हणून मामा जेवणावरून उठायचा, अंघोळ अर्धी टाकून उठायचा. पेट्रोल भरायचा, काच पुसायचा, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा. मामी वैतागून म्हणायची, "चर्चमध्ये पाद्र्याने लग्नाचं विचारलं, तेव्हासुद्धा याचा एक कान घंटीकडे होता!"

पुढे मोठा हायवे डोंगरापलीकडून गेला. पंप बंद पडला, मामी वारली, गावात मामा, मी आणि माझं कॉफीचं हॉटेल उरलं.

मग लॉस एंजेलिसहून पेलम आला. माणूस वाईट नाही, जुन्या वस्तूंचं वेड डोक्यात गेलेलं. त्याने पंप पुन्हा उभा केला, बघायला येणाऱ्या लोकांसाठी. लाल-पांढरा रंग, दुरून दिसणारी दिव्यांची पाटी, पंपावर फिरणारे आकडे, आणि ती नळी. सगळं अगदी तसंच, फक्त पेट्रोल नाही. जमिनीखालच्या टाक्यांत वाळू भरलेली. मामाला त्याने टोपी दिली आणि बाकावर बसवलं.

पहिली गाडी आली. घंटी वाजली. मामा बाकाला धरून कुरकुरत्या गुडघ्यांनी उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या शहाण्याने गाडी मागे घेतली आणि पुन्हा नळीवरून आणली. मामा पुन्हा उठला.

"मामा, बस की रे! त्यांना काही नकोय."

"घंटी वाजली ना, पोरी."

"अरे, टाकीत वाळू आहे!"

"मला ठाऊक आहे. पायांना ठाऊक नाही."

डॉक्टरांनी बजावलं होतं की आता एकदा जरी पडला तरी चाकाची खुर्ची, कायमची. मी पेलमकडे गेले. "ती नळी काढा हो."

"मॅडम, लोक त्या घंटीसाठीच तर येतात," तो म्हणाला. मग हळूच, "आणि तुमच्या मामांसाठी."

मामाला घरी डांबून पाहिलं. घर पंपाच्या मागेच. तिथूनही ऐकू यायचं आणि तो दारापर्यंत पोचायचा. मी शिव्या घालायची, तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या घंटीला उठायचा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी एक बाई आली. शेजारच्या सीटवर तिचे म्हातारे वडील, घामाने निथळलेले.

"देवासारखे भेटलात! काटा खाली टेकला होता, तेवढ्यात तुमची पाटी दिसली. फुल करा, काका."

मी हॉटेलच्या दारातून पाहत होते. 'फुल करा' हे शब्द मामाच्या कानावर किती वर्षांनी पडले असतील! त्याचा चेहरा असा फुलला की मी त्याला अडवलंच नाही. त्याने झाकण उघडलं, पंपाची नळी गाडीच्या टाकीत घातली, दांडा दाबला. पंपावरचे आकडे गरागरा फिरू लागले. लोक मोबाईल काढून उभे. मामा शीळ घालत होता.

मग तो थांबला. नळी बाहेर काढून त्याने वास घेतला. पुन्हा घेतला.

"किती झाले?" बाईने विचारलं.

मामाने पुन्हा दांडा दाबून पाहिला. शेवटी मीच सांगितलं की इथे पेट्रोल नाही. ती आधी हसली, तिला तो खेळाचाच भाग वाटला. मग वडिलांकडे पाहून रडायला लागली.

म्हाताऱ्याला मी हॉटेलात पंख्याखाली बसवलं आणि माझी गाडी मोठ्या हायवेकडे पिटाळली. पेट्रोलचा डबा घेऊन परतले तेव्हा बघे पांगले होते. मामा उन्हात त्या गाडीशेजारी तसाच उभा होता, हातात पंपाची ती कोरडी नळी.

"बसला का नाहीस?" मी ओरडलेच.

"गिऱ्हाईक गेलं नाही ना अजून."

डबा मी ओतला. मामाने काच पुसली, तेवढंच त्याच्या हातात होतं. गाडी गेली. मग त्याने दोन्ही कानांतली ऐकू येण्याची मशीन काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली.

"ठेव तुझ्याकडे. आता कामाची नाहीत."

तेव्हापासून तो बसतो. बाक डोंगराकडे फिरवून घेतलाय. घंट्या वाजतात, लोक वाट बघतात, कंटाळून निघून जातात. डॉक्टर खूश आहेत. मला हवं होतं ते सगळं झालं, आणि मला घास गिळवत नाही.

काल मी हॉटेल बंद केलं, माझीच गाडी काढली आणि घंटीच्या त्या नळीवरून नेली. घंटी वाजली. मामाची पाठ हलली नाही. मशीन माझ्याच खिशात आहेत हे ठाऊक असून मी गाडी मागे घेतली आणि पुन्हा नळीवरून नेली.