गिअरबॉक्समधली केळीची साल

सेवेतली बहुतेक प्रकरणे मी विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो. एका जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे प्रकरण मात्र अजून पाठ सोडत नाही, आणि त्यात मेले तर कोणीच नव्हते.

माझी निवृत्ती जवळ आली होती. वसई-विरार पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाची तेव्हा एकच इच्छा असते, आता नवीन काही अंगावर येऊ नये. सकाळची हजेरी, पार्किंगवरून भांडणाऱ्या सोसायट्या, हरवलेले मोबाईल, भाडेकरूंची पडताळणी, यात दिवस संपायचा. संध्याकाळी बूट काढताना पाय ठणकायचे. अशात पापडीचा एक गृहस्थ फिर्याद घेऊन आला. ख्रिस्ती कुटुंबातला, चाळिशीचा, माणिकपूरला एका कार्यालयात नोकरी करणारा. तो शांतपणे बोलत होता, म्हणून मी नीट ऐकले.

त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स खराब झाला होता. नालासोपाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये त्याने दुसरा, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला बसवून घेतला. गाडी घरी आणली आणि खालून घरघर सुरू झाली, तिसऱ्या गिअरमध्ये जास्तच. मेकॅनिकने आधीच सांगितले होते की थोडे दिवस चालवा आणि एकदा दाखवायला आणा. याला रजा मिळेना, म्हणून वडील गाडी घेऊन गेले आणि दाखवून आले. आवाज थांबला. काही आठवड्यांनी भर रस्त्यात गिअरबॉक्स जाम झाला, चाके अडकली आणि गाडी दुभाजकावर गेली. शेजारी बसलेल्या बायकोचा हात मोडला. दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडला, तर आतल्या काळ्या तेलात केळीच्या सालीचे धागे निघाले.

घासलेल्या गिअरबॉक्सचा आवाज दाबायला आत लाकडाचा भुसा नाहीतर केळीची साल घालायची, ही जुनी चलाखी आहे. गाडी विकून होईपर्यंत गिअरबॉक्स गप्प राहतो. त्यामुळे प्रकरण सरळ दिसत होते. फसवणूक आणि जीव धोक्यात घालणे, असा गुन्हा दाखल झाला. मेकॅनिकला अटक केली, त्याची अवजारे जप्त केली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. पाठोपाठ नाव न सांगता एकाने फोन करून खबर दिली, की हा माणूस भंगारातलेच गिअरबॉक्स बसवतो. अशा फोनमागे बहुधा शेजारचा धंदेवाला असतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते. तरी खबर ती खबर, तपासावी लागते. तपासली. त्यात काही निघाले नाही.

मेकॅनिक तिशीचा होता. मूळ कोकणातला, लग्न झालेला, भाड्याच्या गाळ्यात एकट्याने गॅरेज चालवणारा. मी त्याला उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा माणूस प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. हा दर वेळी तेच, त्याच कंटाळलेल्या आवाजात सांगत होता.

"गाडी परत आलीच नाय माझ्याकडे, साहेब."

फिर्यादीचा म्हातारा बाप खोटे कशाला सांगेल, असे मी विचारले. तो म्हणाला, "मला फसवायचंच असतं तर भुसा टाकला असता ना? बाजूलाच सुताराचं दुकान आहे. केळी कशाला विकत आणू?"

हवालदार हसला. मलाही हसू आले, पण फार वेळ टिकले नाही.

दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला. गिअरबॉक्सचे दाते उत्तम होते. सालीच्या धाग्यांनी तेलाची वाट अडवली, म्हणून बेअरिंग जळाले होते. आणि पहिली घरघर? गिअरबॉक्स बसवताना एक बोल्ट ढिला राहिला होता, त्याने धरलेली पट्टी गाडीच्या बॉडीला घासल्याच्या खुणा होत्या; पुढे तो बोल्ट कोणीतरी आवळला होता. पान्याच्या त्या एका पिळानेच आवाज गेला होता. मेकॅनिकचा हलगर्जीपणा एवढाच, आणि त्यासाठीच तर त्याने गाडी दाखवायला बोलावली होती. याचा अर्थ साल घालणाऱ्याने त्या आवाजाला घासलेले दाते समजून, चांगल्या गिअरबॉक्सवर हा जुना उपाय केला होता. आणि केळी त्याच्या हाताशी होती.

मी साध्या कपड्यांत पापडीला गेलो. फिर्यादी कामावर होता. हात प्लास्टरमध्ये असलेल्या सुनेने दार उघडले आणि मागच्या वाडीकडे बोट दाखवले. म्हातारबाबा केळीची वाळलेली पाने छाटत होते. पूर्वी ते स्वतःच्या टेम्पोतून केळी बाजारात न्यायचे. मी गाडीचे नावही काढले नाही. टेम्पो आवाज करायला लागला की काय करायचात, एवढेच विचारले.

ते खुलले. कोयता खाली ठेवून हातवारे करत सांगू लागले. झाकण कसे उघडायचे, तेल किती काढायचे, साल कशी बारीक करायची. मग एकाएकी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

पुढचे त्यांनी न विचारता सांगितले. मुलाने सांगितल्याप्रमाणे ते गाडी घेऊन निघाले होते. वाटेतल्या गर्दीत त्यांना गाडी आवरेना आणि अर्ध्यातून ते मागे फिरले. म्हातारपणी आता गाडीही जमत नाही, हे घरात कळू नये म्हणून त्यांनी आपला उपाय केला आणि 'दाखवून आणली' असे सांगितले. झाकण लावताना त्यांनी आसपासचे बोल्टही आवळले होते, पण आवाज थांबला तो आपल्या सालीनेच, असे समजून त्यांना फार बरे वाटले होते. सुनेचा हात मोडल्यावर ते चर्चमध्ये गेले आणि त्यांनी कुमसार केला, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली.

"देवाला सांगून झालं, साहेब," ते म्हणाले. "पोराला सांगायचं राहिलंय."

मला राग यायला हवा होता. पण वाईटच जास्त वाटले. "काका," मी म्हणालो, "देवाला सांगितलंत, पण तो माणूस अजून माझ्या कोठडीत आहे."

मुलगा येईपर्यंत मी ओसरीवर बसलो. तो आल्यावर म्हातारबाबा त्याच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मला सगळे कळले नाही, कळायची गरजही नव्हती. मुलगा खांद्यावरची बॅग न काढता ऐकत राहिला. मग त्याने खिळ्यावरची गाडीची जादा किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. बापाने ते पाहिले आणि मान खाली घातली. सून एवढेच म्हणाली, "आधी त्या माणसाला सोडवा."

पुढचे काम कागदांचे होते. नवे जबाब घेतले, मेकॅनिकची सुटका झाली, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, प्रकरण बंद करावे, असा समरी अहवाल न्यायालयात गेला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. लोक पैशासाठी खोटे बोलतात असे मी नोकरीभर धरून चाललो होतो. आपण निकामी झालो हे लपवण्यासाठी त्याहून जास्त बोलतात, हे मला त्या वाडीत कळले. म्हातारबाबांसारखा उद्या मीही बोलेन, असेही वाटून गेले.

काही दिवसांनी मेकॅनिक जप्त अवजारे न्यायला ठाण्यात आला. पोचपावतीवर सही केली, पण जाईना.

"साहेब, माझी चूक नव्हती असा एखादा कागद मिळतो का? गाळ्याच्या मालकाला दाखवायचाय."

अटक केल्याचा कागद आम्ही त्याच दिवशी देतो. त्याने मागितला तसा कागद आमच्याकडे नसतो. समरी मंजूर व्हायची तेव्हा होईल, आणि तिची भाषा कोणत्या गाळामालकाला कळते? म्हणून मी टोपी घातली आणि त्याच्याबरोबर गेलो. मालकाने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे ऐकून घेतले. "तुम्ही स्वतः आलात साहेब, म्हणजे खरंच असणार," तो म्हणाला, आणि गाळा दुसऱ्याला देऊन टाकल्याचे सांगितले.