वाळवी न लागणारी माती

आमच्या गावाबाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला, फवारणीची औषधं बाटल्यांत भरायचं एक गोदाम होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली. मागच्या अंगाला पांढरट मातीचा ढीग तेवढा उरला. त्या मातीला वाळवी लागत नाही, हा शोध माझा.

दिवाळीआधी आम्ही बाया घराच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारतो. एका वर्षी खदानीपर्यंत पायपीट करायचा कंटाळा आला आणि मी गोदामाच्या कुंपणाला पडलेल्या भगदाडातून दोन टोपल्या भरून आणल्या. त्या वर्षी भिंतीला वाळवी नाही की मुंगी नाही. कणगी आतून लिंपली, तर ज्वारीला सोंडे लागले नाहीत. मग काय, गावभर सांगत सुटले. बचत गटाची अध्यक्ष मी, बाया माझं ऐकायच्या. जिथं वाळवी जगत नाही तिथं माणसाचं काय होईल, एवढा साधा प्रश्न या शहाण्या बाईला पडला नाही.

यंदा गोदामाची जागा साफ करायचं सरकारनं ठरवलं. त्याआधी गावाचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होणार होती, आणि तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत वाचायला ठेवला होता. वाचणारी मी एकटीच असेन. माती हाताला लागू देऊ नये, पोटात जाऊ देऊ नये, गरोदर बायांनी तर जवळही जाऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. अहवाल तिथंच ठेवून मी घराकडे निघाले.

कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता तिला. ती आल्यापासून चुलीमागच्या भिंतीवर नखांनी खरवडल्याच्या खुणा दिसत होत्या. पहिल्या दिवशी उंदीर असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या जागेपुढं पिठाचा डबा सरकवून ठेवला. तिसऱ्या दिवशी डब्याच्या शेजारी नवी खूण. ही लेक पोटात असताना मीही चुलीची माती खाल्ली होती. ते डोहाळे मला कोणी शिकवायला नकोत. तरी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि तेच मला नको होतं. भीतीनं माणूस किती मूर्ख होतो, ते मी स्वतःवरून सांगते.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच सरपंच दारात.

"काकू, मातीचं काही बोलू नका तिथं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाचं नाव खराब झालं तं आपलं सोयाबीन कोण घेईन? पोरींले कोण मागणं घालीन?"

तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या घराच्या भिंतीही त्याच मातीनं पोतारलेल्या होत्या.

शाळेच्या पटांगणात मंडप टाकला होता. मोठ्या फ्लेक्सवर नकाशा, त्यात गोदामाभोवती लाल डाग. जिल्ह्याहून आलेले साहेब काठीनं दाखवत होते. "दूषित माती कुंपणाच्या आतच आहे. तेवढी खोदून नेऊ. कोणाला काही सांगायचंय?"

एकानं ट्रकच्या धुळीचं विचारलं, एकानं पोरांना काम मिळेल का ते. बाया पदर तोंडात धरून बसलेल्या. एकेक जण माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. साहेबांनी फाइल मिटायला घेतली. ती मिटली की लाल डाग कुंपणातच राहणार होता आणि माझं स्वयंपाकघर त्याच्या बाहेर. मी उठले.

"माती कुंपणात नाही, साहेब. म्या नेली. माह्या घरी हाय, या बायायच्या घरी बी हाय. म्याच सांगतलं यायले."

सरपंचानं कपाळाला हात लावला. मागून एक जण फिसकारली, "आमचं नाव कायले घेता?"

"कशाला वापरली?" साहेबांनी विचारलं.

"भिंतीले, कणगीले, चुलीले."

एवढंच सांगून मी खाली बसायला लागले. तेव्हा शेजारी खुर्चीवर बसलेली लेक बोलली.

"आन् खाल्ली तं, साहेब? मी रोज खातो. थोडीशी."

ती माझ्याकडे बघत नव्हती. अहवालाची पानं उलटून साहेबांनी काही शोधलं, मग अहवाल बाजूला ठेवला.

दुपारी साहेबांच्या पथकातली एक तरुण बाई घरी आली. लेकीला उद्याच वाशीमच्या दवाखान्यात दाखवा म्हणाली. मग हातमोजे चढवून तिनं चुलीमागची भिंत खरवडली आणि माती पिशवीत भरली. ती भिंत मी उघड्या हातांनी लिंपली होती, तळव्यांचे ठसे अजून दिसत होते.

"याचं कधी समजीन?" मी विचारलं.

"अडीच-तीन महिने तरी लागतील, काकू."

लेकीनं पोटावर हात ठेवला.

"तोवर तं बाळ येऊन जाईन, ताई," ती म्हणाली.