वायर लावली, पण वायफाय चालूच

जव्हारला असतानाचा तो तपास मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं आणि आम्हा पोलिसांच्या तोंडी वायरलेस म्हणजे पोलीस ठाण्यातला खरखरणारा संच, एवढाच अर्थ होता.

एका सकाळी दाभोशाचा एक उमेदवार ठाण्यात आला. एका खासगी संस्थेच्या वसतिगृहांसाठी अधीक्षकांची भरती होती आणि लेखी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. त्याने खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली.

"खोडाळ्याच्या बाजारात दिला एकाने. खरा पेपर हाय म्हणतो. मी अभ्यास केलाय साहेब, मला नको हा."

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही संस्थेच्या सचिवांना बोलावलं. झेरॉक्स पाहताच त्यांचा चेहरा उतरला. पेपर खराच होता. तो टाइप केला होता त्यांच्या लिपिक बाईंनी. कार्यालयातल्या त्या खोलीची किल्ली बाईंकडे, लॅपटॉपचा पासवर्डही बाईंकडेच. सचिवांनी संशय उघड बोलून दाखवला आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला.

बाई मोखाड्याकडच्या, शेतकरी घरातल्या, तिशीच्या आसपास. महिला पोलिसासमोर मी त्यांना तीन तास प्रश्न विचारले. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट जास्त गुळगुळीत करतो. बाई मात्र प्रत्येक वेळी तितकंच सांगत होत्या.

"खोलीत कोण आलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग पेपर बाहेर गेला कसा?"

"मला कळत नाही साहेब. ती झेरॉक्स जरा दाखवा."

त्यांनी कागद सावकाश वाचला आणि सतराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "इथे 'नियम'च्या जागी 'निमय' पडलंय. जेवून आल्यावर मी ते दुरुस्त केलं होतं. म्हणजे हा जेवणाच्या सुट्टीतच गेला. तेव्हा खोलीला कुलूप होतं, पण लॅपटॉप चालू होता. मला एकदा माझ्या टेबलावर बसू द्या."

पंचांना घेऊन आम्ही संस्थेच्या कार्यालयात गेलो. बाईंनी रोजच्यासारखी इंटरनेटची वायर लावली, लॅपटॉप सुरू केला आणि थांबल्या. पुढच्या कडेला एक निळा दिवा पेटला होता.

"वायर तर लावलीय. मग हा कशाला पेटतो?"

ठाणे शहरातून आलेल्या, संगणक जाणणाऱ्या हवालदाराने तो दिवा वायफायचा असल्याचं सांगितलं. वायर यायच्या आधी संस्थेने आठवडाभर तळमजल्यावरच्या संगणक क्लासचं वायफाय वापरलं होतं. जोडणी क्लासच्या शिक्षकानेच करून दिली होती. पुढे वायर आली, पण वायफाय बंद करणं कुणालाच सुचलं नाही. लॅपटॉप सुरू झाला की आपोआप खालच्या नेटवर्कला जोडला जायचा आणि लॅपटॉपमधला एक फोल्डर शिक्षकाने जोडणी करतानाच खालून उघडता येईल असा ठेवला होता. पेपर त्यातच होता.

शिक्षक ठामपणे म्हणाला, "मी वरच्या मजल्यावर पाऊलसुद्धा टाकलं नाही साहेब."

"टाकायची गरजच नव्हती," मी म्हणालो आणि 'निमय' असलेली फाइल त्याच्याच संगणकावर पंचांसमोर उघडून दाखवली. मग त्याने पेपर आपणच काढून बाजारात पोचवल्याची कबुली दिली.

बाईंचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "एक राहिलं. तो दिवा मी रोज बघत होते, पण कधी कुणाला विचारलं नाही. हेही लिहा."

"बाई, संस्था याचा उलटा अर्थ काढेल. नोकरीवर येईल."

"आलं तर आलं. पण झालंय तसं लिहा."

मी लिहिलं. सचिवांनी तो जबाब वाचला, सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर बाईंची माफी मागितली आणि नवा पेपर टाइप करायला त्यांनाच दिला. बाईंनी आधी वायफायचं बटण बंद केलं, मगच टायपिंगला हात घातला.

मी तीन तास आत कोण आलं हेच विचारत राहिलो. काय उघडं राहिलं, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. तो मला त्या बाईंनी शिकवला. आणि संशयातून सुटलेल्या माणसाने स्वतःची चूक आग्रहाने जबाबात लिहून घ्यायला लावल्याचं मी उभ्या नोकरीत तेवढं एकदाच पाहिलं.